मधुकाका आणि तीन ओवेन जोन्स

आधी माफी मागते. दुसऱ्या कोणाविषयी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. माझं मराठी सातवीपर्यंतचं, इचलकरंजीच्या शाळेतलं. त्यानंतर आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आलो. बाबा किराणा मालाच्या गोदामात काम करतात, आई डबे करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझं काही चुकलं तर दुरुस्त करणारंही घरात कोणी नाही. आईच्या डब्यांतला एक डबा आमच्याच बिल्डिंगमधल्या मधुकाकांचा असतो. तो पोचवताना जे दिसलं आणि ऐकलं, तेवढंच लिहिते.

मधुकाका इस्त्रीच्या टेबलावर जेवतात. घरात डायनिंग टेबल आहे, चांगलं सहा जणांचं. पण त्यावर जोन्स असतात. निळ्या फायलीत पहिला ओवेन जोन्स, हिरव्या फायलीत दुसरा, पिवळ्या फायलीत तिसरा. तिघंही वेल्समधल्या एकाच खेड्यातले, जवळजवळ एकाच वयाचे. त्यांतला कुठलातरी एक ग्वेनकाकूंचा आजोबा. बाकीचे दोघे, काकांच्या भाषेत, "उगीच जागा अडवून बसलेत."

ग्वेनकाकू म्हणजे काकांची बायको. जन्म पेनसिल्व्हेनियातला. तिथे पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या आणि त्यांत काम करायला त्यांचे आजोबा ओवेन तरुणपणी वेल्सहून आले होते. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. फ्रिजवर त्यांचा एक फोटो आहे, हातात झारा घेतलेला.

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर काकांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, "पणजोबांचं नाव काय?"

"कोणाच्या?"

"तुझ्या ग. माझ्या पणजोबांचं मला माहीत आहे."

मला सांगता येईना. "बघ!" असं म्हणून त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं. घरी बाबांना विचारलं, त्यांनाही येईना. त्यांनी इचलकरंजीला आत्याला फोन लावला. आमच्याकडे दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

काका एका औषधाच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथलं एक वाक्य त्यांनी निवृत्त होताना घरी आणलं: "कागद नाही, तर घडलं नाही." हे ते सगळ्यांना लावतात. मी एकदा म्हटलं, काल खूप अभ्यास केला. म्हणाले, "वही दाखव." त्यांचा मुलगा रोहन दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये. तो फोनवर वैतागून म्हणतो, "डॅड, जस्ट डू अ डीएनए टेस्ट!" काका म्हणतात, "थुंकीला साक्षीदार नसतो."

त्यांची खरी अडचण नावांची आहे. वेल्समध्ये त्या काळी आडनावं मोजकी आणि पाळण्यातली नावंही मोजकी. एका रस्त्यावर चार-चार जॉन जोन्स. "आमच्या कऱ्हाडलाही पाच मधू होते," काका चिडून म्हणतात, "पण एक पेढेवाला मधू, एक गिरणीवाला मधू, एक तबलजी मधू. गावाला कळायचं. ह्यांच्या गावालाही कळत असणार. मग सेन्ससवाल्याला लिहायला काय झालं होतं?" तो सेन्ससवाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असतील, पण काका अजून त्याच्यावर नाराज आहेत.

हे सगळं कशासाठी, ते मला बरेच महिने माहीत नव्हतं. मला वाटलं, रिटायर माणसांचा छंद असेल. मग पितृपंधरवडा आला. अविधवा नवमीला काका ग्वेनकाकूंचं श्राद्ध करतात. गुरुजी लॅपटॉपच्या पडद्यावर असतात, कारण त्या दिवसांत त्यांना तीन राज्यांतून बोलावणी असतात. मी नेमकी डबा घेऊन गेले होते आणि दोघांचं भांडण चालू होतं.

"काका, सासऱ्यांचं एक नाव पुरतं हो," गुरुजी थकून म्हणत होते. "त्याच्या पुढची शास्त्रात मागितलेलीच नाहीत."

"माझ्या बाजूची तीन आणि तिच्या बाजूचं एक? का?"

"शास्त्र आहे ते."

"शास्त्र लिहिणाऱ्याची बायको वेल्श नव्हती."

गुरुजी हरले. तेव्हापासून काकूंचे वडील थॉमस, त्यांचे वडील ओवेन आणि ओवेनचे वडील, असे तीन पिंड ठरले. तिसऱ्याचं नाव तेवढं हवं होतं.

ते एकदा मिळालंही. ओवेनच्या पेनसिल्व्हेनियातल्या लग्नाच्या कागदावर त्यानं स्वतः लिहून दिलं होतं: वडील, जॉन जोन्स, मयत. वेल्सच्या जनगणनेत निळ्या फायलीतल्या ओवेनचा बाप जॉन होता. झालं! दोन वर्षं काकांनी जॉन जोन्स, खाणकामगार, ह्यांना पिंड दिला, खीर-वडे वाढले. मग एका संध्याकाळी त्या खेड्याच्या मृत्यूच्या नोंदी चाळताना कळलं, की निळा ओवेन सहाव्या वर्षीच तापानं गेला होता. म्हणजे तो कोणाचाच आजोबा नव्हता. आम्ही, म्हणजे काकांनी, दोन वर्षं परक्याचा बाप जेवू घातला होता.

मला हसू आलं, पण काकांचा चेहरा पाहून आवरलं. "सहा वर्षांचा होता ग," ते म्हणाले.

मला वाटलं, आता निळी फाईल बाद. पण पुढच्या नवमीला पाहिलं तर जॉनचं पान होतंच आणि शेजारी एक लहान पान, त्यावर नुसती खीर. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन वर्षं आपण होऊन जेवायला बोलावलं. आता कागद दाखवून उठवू त्यांना?"

ह्या उन्हाळ्यात काका फार दमलेले दिसायचे. डबा परत घ्यायला जावं तर निम्मा तसाच. मीही दमलेली होते. सकाळी कॉलेज, दुपारी लायब्ररीत नोकरी. रोहन सारखा त्यांना अ‍ॅशबर्नला राहायला बोलावत होता. "जाईन," काका म्हणायचे, "पण ही नवमी होऊ दे. पुढच्या वर्षी मी पिंड देणाऱ्यांत असेन की घेणाऱ्यांत, काय सांगावं."

तशातच पेनसिल्व्हेनियाहून ओवेनच्या मृत्यूचा दाखला आला. त्यावर जन्मतारीख होती, आणि ती पिवळ्या फायलीशी जुळली; त्या फायलीत नुसती जन्माची नोंद होती, बापाचं नाव नव्हतं. खरा ओवेन सापडला! पण वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं, माहीत नाही. माहिती देणार, पत्नी.

काका भडकले. "माहीत नाही? एवढा संसार केला आणि नवऱ्याला बापाचं नाव विचारलं नाही? काय बाई होती का कोण!"

मग ते एकदम थांबले. चष्मा काढून पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "मी तरी कुठे विचारलं होतं?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. दर वर्षी पितृपंधरवड्यात ग्वेनकाकू वडे तळायच्या. धुरानं अलार्म वाजायचा, म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. काकांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. कोणाला वडे जास्त आवडायचे तेसुद्धा सासूबाईंकडून विचारून ठेवलेलं. एका वर्षी तळता तळता त्यांनी सहज विचारलं, "मधू, हू फीड्स माइन?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुझ्या लोकांना थँक्सगिव्हिंग आहे की." काका हातातल्या चष्म्याकडे बघत होते. "ती हसली. ती हसली म्हणून मी विसरलो. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही."

मी डबा घासून ठेवला. डबा आम्हीच घरी घासतो, पण त्या दिवशी तिथेच घासला.

त्या जन्मतारखेवरून काकांनी वेल्सहून ओवेनचा जन्मदाखला मागवला. नवमी जवळ येत चालली. काका पोस्टमनची वाट बघत खाली उभे राहायचे. पोस्टमन लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा.

नवमीच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. काकांनी ते फोडलं आणि माझ्या हातात दिलं. "तू वाच. मला नको."

अक्षर तिरपं होतं, पण स्पष्ट. "नाव, ओवेन. मुलगा."

"पुढे."

"वडिलांचं नाव..." मी थांबले. कागद खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. "काका, इथे रेघ आहे."

"पुसट झालं असेल."

"नाही. मुद्दाम ओढलीय. वडिलांचा धंदा, तिथेही रेघ."

काका खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हे आजारीच पडणार. "म्हणजे जॉन नव्हताच," ते हळू म्हणाले. "लग्नाच्या वेळी कारकुनानं विचारलं असणार. पोरानं दिलं ठोकून एक नाव. लाज वाटली असेल." मग म्हणाले, "आईचं?"

"एलिन जोन्स. शेतावर मोलकरीण."

"जोन्स तिचं."

"हो. आणि खाली सहीच्या जागी फुली आहे. शेजारी लिहिलंय, एलिन जोन्स, आई, हिची खूण."

काकांनी कागद माझ्याकडून घेतला. त्या फुलीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गुरुजींना फोन लाव. सांग, तिसरं नाव मिळालं."

"बाईचं आहे म्हणून सांगू?"

"तू फक्त मिळालं म्हणून सांग," काका म्हणाले. "पुढचं भांडण मी करतो."