विनापरवाना चालणे

लखनौच्या सरोजिनी नगरातल्या एका वृद्धाश्रमात, १९८२ साली, गयाबाई न्हाणीघरात घसरल्या. लागलं काही नाही. "भिंतीला धरायला एक दांडा बसवा," एवढंच त्यांचं मागणं होतं. पण अधीक्षकसाहेब पडले कर्तव्यदक्ष. त्यांनी वृद्ध-सुरक्षा समिती नेमली, आणि सात बैठका व पाऊणशे समोसे संपल्यावर समितीने घसरण्याचं मूळ कारण शोधून काढलं: चालणे.

लगेच चालण्याला परवाना लागू झाला. अर्ज तीन प्रतींत. कुठे जाणार, कशासाठी, अंदाजे पावले किती. गयाबाईंनी संडासला जाण्यासाठी सोमवारी केलेला अर्ज गुरुवारी मंजूर होऊन आला. तोवर प्रकरण आपोआप निकालात निघालं होतं.

पुढे एक आजोबा खुर्चीवरून पडले, तेव्हा खुर्च्या गेल्या. एक आजी खाटेवरून पडल्या, तेव्हा खाटा गेल्या. सगळे म्हातारे जमिनीवर आडवे झाले आणि पडझडीचा आकडा शून्यावर आला. आडव्या माणसांना वाचता यावा म्हणून वृद्धांच्या हक्कांचा तक्ता छताला चिकटवण्यात आला. त्यात पहिलाच हक्क मोकळेपणी फिरण्याचा होता. गयाबाई तो दिवसभर वाचत पडून राहायच्या.

त्यांना धास्ती एकच, आपले पाय चालणं विसरतील. वर्ध्याकडच्या गावाहून पाच कोस पायी जाऊन बाजार करणारी बाई ती! एका सकाळी त्या उठल्या, भिंत धरत न्हाणीघरात गेल्या, तोंड धुतलं आणि धडधाकट परत आल्या.

आश्रमात हाहाकार उडाला. त्यांचा मुलगा रामदास लखनौतच सरकारी खात्यात हेडक्लार्क. त्याला ऑफिसातून बोलावून घेतलं.

"आपकी माताजी चलती हुई पाई गईं," अधीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. "वह भी बिना परमिट."

रामदासची मान खाली गेली. "आई, काय हे? या वयात!"

"पाय शाबूत आहेत रे माझे. मला घरी ने, बाबा. तुझ्या क्वार्टरात कोपऱ्यात पडून राहीन."

"घरी सेफ्टी कुठंय, आई? इथं बघ, सहा महिन्यांत एकही माणूस पडला नाही."

गयाबाईंना रडू कोसळलं. रामदासने मायेने त्यांचे डोळे पुसले आणि संमतिपत्रावर सही केली. त्याच दुपारी गयाबाईंच्या चपला जमा झाल्या. पावती रीतसर मिळाली: 'चपला, एक जोड, वापरलेल्या.'

त्या वर्षी आश्रमाला सुरक्षिततेची ढाल मिळाली. तेव्हापासून प्रवेशासाठी रांग आहे. अर्जावर म्हाताऱ्या माणसाची सही लागत नाही. तुमची पुरते.