रामरावांचं अर्धायुष्य

रिठदच्या चावडीसमोर एक काळा दगड होता आणि त्याच्या वयाबद्दल गावात कुणाचीही तक्रार नव्हती. सन १९३८ साली नागपूरहून एक प्रोफेसर आले. त्यांनी हातोडीनं दगडाची कपची काढली आणि सांगितलं, की हिच्यात कणभर युरेनियम असतं, ते ठरल्या गतीनं झिजतं नि शेवटी त्याचं शिसं होतं. निम्मं झिजायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. किती झिजलं नि किती उरलं हे मोजलं, की दगडाचं वय निघतं. तीन महिन्यांनी पत्र आलं: सुमारे सहा कोटी वर्षं. नानाजी पटवाऱ्यांनी ते आवक वहीत नोंदवून दगडाच्या नावे रीतसर दाखला तयार केला.

माणसांचा कारभार इतका काटेकोर नव्हता. हेडमास्तरांनी साऱ्या शाळेची जन्मतारीख एक जुलै लिहिली होती, कारण शाळा त्या दिवशी उघडे. गोमतीचीही एक जुलै. ती तेरा वर्षांची, सहावीत पहिली. पुढल्या साली तिला वाशीमला फायनल परीक्षेला बसायचं होतं. तिच्या बापाला, पुंजाजींना, तिला केनवडच्या बिजवर रामरावांशेजारी बोहल्यावर बसवायचं होतं.

कायद्याला मुलगी चौदाची हवी. नानाजींनी पोटातले नऊ महिने धरले, आणखी तीन सरकारी दिरंगाईचे मिळवले. चौदा भरले.

गोमतीची माय सोजरबाई मात्र अडून बसली. "चवेचाळीस वर्षाच्या बुढ्याले म्या पोरगी देत नाही!"

"चवेचाळीस कायचे वो?" नानाजी म्हणाले. "अर्धायुष्य धरा. निम्मं झिजलं, ते वजा. रामराव बावीसचे."

"अन् त्याचे दात पडले ते?"

"ते झिजलेल्या निम्म्यातले."

"मंग माह्यं बी निम्मं करा ना, काका," गोमती म्हणाली. "चौदाचे सात. आता कायदा काय म्हणते?"

नानाजींनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला: अर्धायुष्य फक्त पुरुष व दगड यांना लागू राहील, मुलींचं वय गरजेप्रमाणे धरावं. रामरावांच्या बावीसच्या दाखल्यावर शिक्का बसला. तिथी निघाली.

गोमती पोटभर रडली. मग नाक पुसून तिनं वजाबाकी केली आणि रामरावांच्या थोरल्या मुलाला कार्ड टाकलं: 'आपण चोवीस वर्षांचे. आपले वडील सरकारी दाखल्याप्रमाणे बावीस वर्षांचे. घरातले वडीलधारे आता आपणच. धाकट्यांवर लक्ष असू द्यावं.'

थोरल्यानं दाखल्याची नक्कल मागवली. त्याच दिवशी तो ओसरीवरच्या वडिलांच्या गादीवर बसला, बैलजोडी नि तंबाखूची पिशवी ताब्यात घेतली आणि हुकूम सोडला, की मोठ्याला न विचारता लहान्यानं लग्न ठरवायचं नाही.

रामराव धापा टाकत रिठदला आले. "पटवारीबुवा, माह्ये चवेचाळीस मले वापस द्या! पोट्टं मले बाळ्या म्हणून राह्यलं!"

"शिक्का बसलेलं वय वापस होत नाही," नानाजी गंभीरपणे म्हणाले. "फेरतपासणी होऊ शकते. नमुना नागपूरले धाडतो. रीत दगडाचीच. आधी कपची काढतात, मंग तिचा भुगा, मंग तो तेजाबात."

"कायची कपची?"

"जिथची निंघन तिथची," गोमती म्हणाली. "हातोडी आणू काय, आजोबा?"

रामरावांनी फेट्यासकट डोकं धरलं आणि तिथंच लिहून दिलं: वय चवेचाळीस नाही, एकोणपन्नास, लग्नाचा विचार रद्द.

गोमती परीक्षेला बसली. हेडमास्तरांनी फॉर्म भरला: जन्मतारीख एक जुलै.

"माय वो, मी खरी कधी झाली?" तिनं घरी विचारलं.

"तुरी सोंगाले आल्या होत्या बाप्पा," सोजरबाई म्हणाली. "थंडी मरणाची होती."

म्हणजे जुलैत नव्हेच. साऱ्या रिठदात खऱ्या वयाचा एकटा तो दगड, कारण त्याला कुणी शाळेत घातलं नाही.

आता तुमी कायले दात काढून राह्यले? जरा आपला शाळेचा दाखला काढा. जन्मतारीख वाचा पाहू. मोठ्यानं.