भिंतीवरचा भोपळा

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात भोपळा तिसऱ्यांदा गाळला जात होता. गाळणारा माणूस रंगांच्या दुकानात रंग मिसळायच्या यंत्रावर कामाला होता आणि गुठळ्यांशी त्याचं बारा वर्षांचं वैर होतं. त्याने चमचाभर भोपळा उजेडात धरला, चमचा तिरका केला आणि ओघळ निरखून पाहिला.

"अजून जरा घट्ट आहे," तो म्हणाला. "बघ, धार तुटतेय."

"अहो, ते खायचंय," बायको म्हणाली. "भिंतीला नाही लावायचं."

बायकोच्या कडेवर त्यांची आठ महिन्यांची मुलगी होती. आकार लहान आणि ठसका मोठा, म्हणून घरात सगळे तिला मिरी म्हणत. मिरीने चमच्याकडे पाहिलं आणि ओठ असे मिटले की मध्ये कागदही सरकला नसता.

हे मिटलेले ओठ हीच घरातली अडचण होती. उद्या सोमवारी बायकोची रजा संपत होती. तिला पोस्टातल्या खिडकीवर सकाळी आठ ते दोन बसायचं होतं. नवऱ्याने मालकाच्या मागे लागून दुपारची वेळ मागून घेतली होती, म्हणजे सकाळभर मिरी बापाजवळ आणि दुपारनंतर आईजवळ. सगळं अगदी चोख जमलं होतं. फक्त मिरीला कुणी विचारलं नव्हतं. दुधाशिवाय दुसरं काहीही खायचं नाही, असं तिने तीन आठवड्यांपूर्वी ठरवून टाकलं होतं. बाजारातून बाळांच्या खाण्याच्या दोन महागड्या बरण्या आणून पाहिल्या. मिरीने त्या आणि घरचा बटाटा यांत कसलाही भेदभाव केला नाही. दोन्ही सारख्याच जोराने थुंकून टाकलं.

शेवटी सासूबाईंनी फोनवरून निकाल दिला. "रविवारी चारला पोचते मी. तोवर तिने जावईबापूंच्या हातचं चार चमचे खाल्लं, तर राहू दे तुमच्याकडे. नाही तर सोमवार ते शनिवार माझ्याकडे. पाळणा पुसून ठेवलाय."

सासूबाईंचं गाव बसने दीड तासावर होतं. म्हणजे मिरी फक्त रविवारी दिसणार. रविवारी दिसणाऱ्या माणसाला मिरी बाप म्हणेल की पाहुणा, हा विचार मनात आला आणि रंगवाला शनिवारी संध्याकाळी थेट भाजीबाजारात गेला. एका बरणीच्या पैशांत पिशवी भरून गाजरं, मटार, बीट, बटाटे, सफरचंदं आणि एक गलेलठ्ठ भोपळा आला. त्याला एकदम हुरूप चढला. मोठी ऑर्डर आली की दुकानात चढायचा तसा!

रविवारी पहाटेपासून तो उकडत होता, कुस्करत होता, गाळत होता. प्रमाणं वहीत लिहीत होता: भोपळा सहा भाग, सफरचंद एक भाग. मालकाने त्याला रंगांचे नमुने द्यायच्या छोट्या कोऱ्या डब्या दिल्या होत्या. त्या त्याने उकळून घेतल्या, भरल्या आणि दुकानातल्या सवयीने झाकणांवर नंबर टाकले. एक ते सहा.

"आणि कशात काय आहे ते कसं कळणार?" बायकोने विचारलं.

"वहीत आहे ना."

"वही कुठाय?"

"माझ्या खिशात."

"म्हणजे मिरीला भूक लागली की आधी तुमचा खिसा शोधायचा!"

"अगं, दुकानात अशीच पद्धत असते. बारा वर्षांत एकदाही चूक झाली नाही."

हे खरं होतं. पण दुकानात फक्त रंगच होते.

आज घरात रंगकामही निघालं होतं. बायकोचा धाकटा भाऊ रंगारी होता. भाचीच्या खोलीची एक भिंत तो भेट म्हणून रंगवून देणार होता. काल येऊन त्याने ती साबणाने दोनदा धुऊनही ठेवली होती. तिच्यासाठी रंगवाल्याने तीन शेड बनवून आणल्या होत्या, तशाच डब्यांत. नंबर सात, आठ आणि नऊ. त्या पिशवीतून काढून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या.

पुढच्या अर्ध्या तासात घरातल्या प्रत्येकाने काही ना काही मदत केली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

स्वयंपाकघर तापलं होतं, म्हणून रंगवाल्याने खाण्याच्या सहा डब्या मिरीच्या खोलीच्या खिडकीत गार करायला ठेवल्या. मग बटाटे संपल्याचं आठवलं आणि तो बाजारात पळाला. ओटा आवरताना बायकोला तीन डब्या दिसल्या. "एवढं राबतात आणि बाहेरच ठेवतात, नासेल ना," असं म्हणून तिने त्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मिरीला आंघोळीला घेऊन गेली. त्याच वेळी मेहुणा आला. ताई न्हाणीघरात आहे हे पाहून तो सरळ भाचीच्या खोलीत गेला आणि तिथून त्याने फोन लावला.

"दाजी, आलोय मी. डब्या मिळाल्या. लावून बघू?"

बटाटे निवडता निवडता रंगवाला खूश झाला. "बघ, बघ! पण जपून हं, थोडंच आहे."

तो परतला तेव्हा मेहुणा भिंतीसमोर पाटावर बसला होता आणि स्वतःच्या कामावर जाम खूश होता. भिंतीच्या खालच्या बाजूला एका ओळीत सहा चौकोन होते. केशरी, हिरवा, लालभडक, पांढुरका, आणखी एक पांढुरका, पिवळा. पिवळा चौकोन चांगला खिडकीएवढा होता.

"या दाजी, या! काय माल बनवलाय!" मेहुणा म्हणाला. "पण फार घट्ट हो. पाणी घालावं लागलं. आणि हा पिवळा तर असा बसलाय, की म्हटलं एक हात मारूनच टाकू. अख्खी डबी संपवली. बाकीच्यांतही तळाशीच उरलंय."

रंगवाल्याच्या हातातली पिशवी खाली गेली. बटाटे खोलीभर घरंगळले.

"अरे, तुला वास नाही आला?"

"कसला वास? चार दिवस झाले, सर्दीने नाक बंद आहे माझं."

"तो भोपळा आहे रे!"

"शेडचं नाव का? छान आहे की."

"नाव नाही, भोपळा! बाजारातला! हे गाजर, हा मटार, ते बीट. तू मिरीचं जेवण लावलंस भिंतीला!"

मेहुण्याने ब्रशकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "सगळं?" त्याने हळूच विचारलं.

"सगळं! आजचं, उद्याचं, परवाचं!"

"तरीच म्हटलं, वाळायला का मागत नाहीये."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. चार वाजता येणाऱ्या सासूबाई दुपारी एकलाच हजर झाल्या होत्या. "आधीची बस मिळाली," त्या लेकीला सांगत होत्या. "म्हटलं, मीच भरवून बघते. अशी कशी खात नाही! ही फ्रिजमधली डबी ना?"

"हो, त्यातलीच कुठलीही घे," बायको म्हणाली.

रंगवाला जागच्या जागी थिजला. भिंतीवर एक ते सहा. मग फ्रिजमध्ये काय?

बारा वर्षांत दुकानातल्या शिडीवरही तो जितक्या जोरात चढला नसेल, तितक्या जोरात तो धावला. वाटेत एका बटाट्यावरून पाय घसरला आणि उरलेलं अंतर त्याने घसरतच कापलं. सासूबाई मिरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आठ नंबरची डबी उघडी होती. फिकट हिरव्या रंगाने भरलेला चमचा मिरीच्या तोंडापासून वीतभर लांब होता.

"उघड बघू तोंड, शहाणी माझी ती..."

"आई, थांबा! रंग आहे तो!"

"रंग चांगलाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "चव कशी आहे ते बघू."

त्याने चमच्यावर झडपच घातली. चमचा, डबी आणि त्याचा शर्ट एकाच वेळी फिकट हिरवे झाले. मिरी ओठ घट्ट मिटून हे सगळं शांतपणे पाहत होती. गेले तीन आठवडे ज्या ओठांनी घर रडकुंडीला आणलं होतं, त्यांच्याकडे पाहून आईबापांनी आज हात जोडले.

काय घडलं ते प्रत्येकाने सांगितलं. सगळे एकदम बोलत असल्यामुळे सासूबाईंना ते दोनदा ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मिरीला जमिनीवर ठेवलं आणि त्या उठल्या.

"म्हणजे जेवण भिंतीला आणि रंग पोरीला," त्या म्हणाल्या. "भर गं तिची पिशवी. दुपटी घे, स्वेटर घे."

"आई, चुकून झालं," बायको रडवेली झाली.

"आई, अजून चार वाजले नाहीत," रंगवाला म्हणाला. "चारची वेळ दिली होती तुम्ही. मी आत्ता बटाटे लावतो. वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं!"

तो गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरापर्यंत घरंगळत आलेले बटाटे गोळा करू लागला. सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण घर एकदम शांत झालं होतं. घरात रांगतं मूल असलं की शांततेचीच जास्त भीती वाटते.

"मिरी कुठाय?" बायको म्हणाली.

चौघंही तिच्या खोलीकडे धावले आणि दारातच थांबले.

मिरी भिंतीपाशी गुडघ्यांवर उभी होती. दोन्ही तळहात भिंतीला टेकलेले, नाक भिंतीला लागलेलं. आणि ती चाटत होती! मन लावून, वरून खाली, अगदी मामासारखा एकेक पट्टा घेत. केशरी चौकोनाची नुसती कड उरली होती. आता तिने पिवळ्याला हात, म्हणजे जीभ, घातली होती.

"अगं बाई, भिंत चाटतेय!"

"काल दोनदा धुतलीय, आई," मेहुणा घाईने म्हणाला. "ब्रशही कोराच आहे."

"शू!" रंगवाला कुजबुजला. "कुणी हलू नका. खातेय ती!"

चौघं श्वास रोखून उभे राहिले. भोपळ्यात मिरीच्या जिभेएवढे रस्ते पडत गेले.

"चार चमचे झाले असतील ना, आई?" त्याने हळूच विचारलं.

"झाले असतील. पण मी तुमच्या हातचं म्हटलं होतं. हे भिंतीचं आहे."

रंगवाला उठला. तो स्वयंपाकघरात गेला. त्याने हात दोनदा साबणाने धुतले, गाळणीच्या पातेल्याला लागलेला शेवटचा भोपळा निपटून काढला आणि एका स्वच्छ ताटावर पसरला. चमचा त्याने घेतलाच नाही. तो येऊन मिरीशेजारी फरशीवर बसला आणि ताट भिंतीला टेकवून उभं धरलं.

मिरीने ताटाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. मग दोन्ही हात ताटात थापटले, तळवा चाटला, ताट चाटलं, आणि ताट संपल्यावर ते धरणारी बोटं तोंडात घातली. एकेक करून, पाचही. बापाने नंतर दुसरा हातही पुढे केला. त्यावर काहीच नव्हतं, तरी तिने तोही चाटला.

"तिला भरवलेलं नको होतं," बायको डोळे पुसत हसली. "तिला स्वतःला खायचं होतं!"

मेहुण्याने आनंदाच्या भरात ब्रश उंचावला आणि सर्वांच्या अंगावर मटार उडाला.

सासूबाईंनी खाली बसून रुमालाने मिरीची हनुवटी पुसली. मिरीने त्यांच्या साडीला पिवळे हात लावले, तरी त्या मागे सरल्या नाहीत.

"नाही बाई, मी काही हिला नेणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या भिंतींना आत्ताच रंग दिलाय. सगळ्या चाटून ठेवायची."

मेहुणा चक्रावून आईकडे बघू लागला. तो तिच्याच घरी राहत होता. "आई, आपल्या घराला तर सात वर्षांत..."

"तू आधी तो ब्रश धू," सासूबाई म्हणाल्या.