बाहुलीच्या नाकावरचा तीळ

त्या दुपारी मारुतरावांनी लाडू शोधायचं मनावर घेतलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस घरात एकटा असला, अंगात शुगर असली आणि बायको बोलत नसली, की त्याला लाडूच आठवतो. त्याला इलाज नाही.

बायको बोलत नव्हती, त्याला कारण होतं. छबूबाईंचं माहेर निघोजचं. भावाच्या उरल्यासुरल्या रानात दरसाल खतासाठी धनगराची मेंढरं बसतात. औंदा छबूबाई तिथनं कातरलेल्या लोकरीचं पोतं घेऊन आल्या. पिंपळे गुरवातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोत्याच्या सोबतीनं मेंढरांचा वासही लिफ्टनं वर आला. मग त्यांनी ती लोकर धुतली, गॅलरीत वाळवली आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या ब्रशानं विंचरून मऊसूत केली. (घरात कुत्रा नाही. ब्रश मुद्दाम आणला.) टीव्हीपुढं बसून टकळीवर सूत काढायला लागल्या की त्यांच्या तोंडावर अशी शांती यायची, जशी काही मालिकेतल्या सासूला शिक्षाच झाली. पुढं तर त्या मिनल मॅडमच्या लोकरकामाच्या क्लासलाही जायला लागल्या.

मारुतरावांचा जन्म गेला कंपनीत मशिनवर. तिथं मऊ, पांढरं, पिंजलेलं काहीही दिसलं की त्याला 'वेस्ट' म्हणतात आणि त्यानं ऑइल पुसतात. घरात टोपलीत तसंच काही दिसल्यावर त्यांनी काय करावं? मुलाच्या, म्हणजे ओंकारच्या, मोटारसायकलची चेन पुसली. चेन आरशागत झाली. त्या दिवसापासून छबूबाई नवऱ्याशी सुनेमार्फत बोलत होत्या.

"पूनम, तुझ्या सासऱ्यांना सांग, ताट वाढलंय."

"बाबा, ताट वाढलंय."

"ऐकलं मी. तिला म्हणावं, आमटीत मीठ कमी हाय."

"आई, बाबा म्हणतात—"

"ऐकलं. त्यांना म्हणावं, चेनचं ऑइल घ्या वरनं."

तर अशा दिवसांत, सगळे बाहेर गेलेले असताना, मारुतरावांनी कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या मागं हात घातला. लाडवाचा डबा सापडला. एक खाल्ला. त्याला सोबत म्हणून दुसरा खाल्ला. दोघांना राखणदार म्हणून तिसरा घ्यावा म्हणून हात पुन्हा आत गेला, तर डब्याच्या मागं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं.

उघडलं, तर लोकरीची बाहुली. वीतभर उंच. पण बाहुलीला मिशी होती. डोक्यावर पांढरी टोपी होती. पायजमा होता आणि त्याचा एक पाय जरा वर चढलेला, मारुतरावांचा असतो तसा. नाकावर डाव्या अंगाला तीळ होता. मारुतरावांचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडं गेला. तीळ तिथंही होता.

आणि बाहुलीच्या पोटात सुया खोचलेल्या होत्या. पोट नुसतं साळिंदराच्या पाठीगत दिसत होतं. एक सुई गुडघ्यात. एक मानेत, आरपार.

मारुतरावांनी बाहुली होती तशी गुंडाळली, डबा होता तसा ठेवला (लाडू होते तसे ठेवता आले नाहीत) आणि खाटेवर येऊन बसले. थोड्या वेळानं पोटात ढवळायला लागलं. इतके लाडू एका दमात खाल्ले तर कुणाच्याही पोटात ढवळतं, पण तेवढा विचार करायला मन जागेवर लागतं. मान अवघडली. गुडघा तर कित्येक वर्षं दुखतच होता. आजवर वाटायचं, वयानं दुखतोय. आता कळलं, कुणामुळं दुखतोय.

तरी माणूस मोठा भाबडा. सकाळी उठून म्हणाले, असं कसं होईल, आपली छबू आहे ती. आपल्याला ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसणारी बाई. करणी करेल कशी? असं म्हणत दात घासत उभे होते, तर स्वयंपाकघरातनं छबूबाईंचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"मिनल मॅडम, पोट काय आत जाईना बघा. टोचून टोचून हात भरून आले माझे." मग जरा थांबून, "व्हय, मानेत घातलीया एक. आता मान जागेवर बसली. आधी नुसती लुळी पडायची." पुन्हा थांबून, "न्हाई वो, त्यांना काडीचा सुगावा न्हाई. त्यांना कुटं काय कळतंय? उद्यापरवात उरकतेच मी. शनिवारी लोकं यायची हायेत न्हवं का बघायला."

मारुतरावांच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. शनिवारी लोकं बघायला येणार. माणसाला लोकं बघायला कधी येतात, हे त्यांनी आयुष्यात पुष्कळ वेळा पाहिलं होतं. फेस गिळला गेला.

त्या घडीपासून मारुतराव घरातलं पाणीसुद्धा भीत भीत पिऊ लागले. चहा आला की छबूबाईंची पाठ वळायची वाट बघायची आणि त्यांच्या कपाशी आपला कप बदलायचा. (त्यामुळं त्यांना बऱ्याच वर्षांनी साखरेचा चहा मिळाला. मरणाच्या दारातही तो बरा लागला, हे कबूल केलं पाहिजे.) जेवायला मात्र सरळ नाही म्हणाले.

"बाबा, जेवत का नाही?"

"उपास हाय."

"आई, बाबांना उपास आहे."

"विचार त्यांना, मंगळवारी कुणाचा उपास?"

"गणपतीचा," मारुतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट परत गेलं.

"आन् आज बुधवारी कुणाचा, विचार."

मारुतराव विचारात पडले. "गणपतीचाच. कालचा अर्धा राहिला व्हता."

छबूबाईंनी सुनेकडं बघितलं, सुनेनं सासऱ्याकडं. मारुतराव चप्पल घालून बाहेर पडले ते थेट भिमाजीकडं गेले. भिमाजी त्यांचा बालमित्र. कुणाचंही दुखणं असो, ऐकून ते वाढवून परत द्यायची त्याची हातोटी होती.

"टोपी व्हती बाहुलीला?" भिमाजीनं विचारलं.

"व्हती."

"मंग खरंय. टोपी काढून केली असती तर नुसतं आजारपण आलं असतं. टोपीसकट म्हंजे पुरा माणूस."

"आता रं?"

"आता सोपानराव."

सोपानराव चाकणच्या बाजूला एका कंपनीत क्रेन चालवायचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून गुरुवारी करणी-भानामती बघायचा. ओव्हरटाइम निघाला तर भुताखेतांनी पुढच्या गुरुवारी यायचं, असा रिवाज होता. दोघं म्हातारे भिमाजीच्या स्कूटरवर गुरुवारी सकाळीच पोचले. मारुतरावांनी सगळं सांगितलं. सोपानरावानं डोळे मिटले.

"बाहुली कशाची?"

"लोकरीची."

"आरारा," सोपानराव म्हणाला. "कापडाची असती तर फाडून मोकळं झालो असतो. लोकरीत करणी पार मुरून बसती. ती धुवूनच काढावी लागंल. आधी सुया उपसायच्या. मंग पाणी घ्यायचं कढत, हाताला सोसवंल तेवढं. त्यात रिठ्याचा फेस करायचा. बाहुली बुडवायची आन् स्वतःचं नाव घेत चोळायची. पिळायची. आपटायची. मधनं गार पाण्यात घालायची, परत कढत."

"किती येळ?"

"ती गप व्हईपतुर."

"ती बोलत न्हाई."

"मंग तुमी दमेपतुर."

दुपारी छबूबाई क्लासला गेल्या. पूनम आतल्या खोलीत झोपली होती. मारुतराव बाहुली घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली. सुया एकेक करून उपसल्या. प्रत्येक सुईला आपल्याच अंगातनं काहीतरी निघाल्यागत वाटत होतं. रिठे नव्हते, सुनेचा शाम्पू होता. गीझर पार वर केला आणि सुरुवात केली. "मारुती, मारुती, मारुती," म्हणत चोळायला लागले.

आता मारुतराव मुळात सावकाश माणूस, पण कामाला पक्के. कंपनीत मशिनवर त्यांनी काढलेला जॉब कधी रिजेक्ट झाला नाही. चोळायचं म्हणजे चोळायचं. कढत पाण्यात, गार पाण्यात, फरशीवर आपटून, पुन्हा कढत पाण्यात. बराच वेळ डोळे मिटूनच चाललं होतं. मग हाताला काहीतरी वेगळं लागायला लागलं म्हणून डोळे उघडले.

टोपी मिशीत गेली होती. ते बघेपर्यंत मिशी छातीत गेली. हात अंगात शिरले, पाय पोटात शिरले. घाबरून त्यांनी आणखी जोरात चोळलं, तशी बाहुली आणखी आटली. शेवटी तळहातावर राहिला एक टणक, घट्ट, बटाट्याएवढा गोळा. त्याला नाक नव्हतं. तीळ कुठनं असणार?

मारुतरावांनी फोन लावला.

"भिमाजी, मी बटाट्याएवढा झालोय."

"कुटं?"

"बाथरूममधी."

"मंग फोन कसा धरलाईस?"

"मी न्हाई रं. बाहुलीतला मी."

"पायजमा ढिला झालाय का बघ बरं."

मारुतरावांनी बघितला. नाडी ओढली तरी पायजमा घसरत होता. (दोन-तीन दिवस नुसत्या साखरेच्या चहावर काढले की कुणाचाही घसरतो.)

"झालाय," ते कसंबसं म्हणाले.

"मारुती, आता सोपानरावाच्या हातचं न्हाई राहिलं. वहिनींचे पाय धर."

फोन कट झाला आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली. छबूबाई परत आल्या होत्या. पूनमनं दार उघडलं. मारुतराव बाथरूममधनं निघाले ते तसेच, अंगावर फेस, एका हातात पायजमा, दुसऱ्या हातात गोळा. आणि सुनेला मध्ये न घेता, थेट बोलले.

"छबू, मरायचं भ्या न्हाई मला. पण तू टोचत व्हतीस, ते मनाला लागलं. माझा कंटाळा आला असंल तर तसं तोंडानं सांग. मी गावाकडं तुझ्या भावाच्या रानात मेंढरांत जाऊन ऱ्हाईन. पर असं आटवून मारू नको."

छबूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"हातात काय हाय?"

"मी हाय."

छबूबाईंनी गोळा घेतला. फिरवून बघितला, दाबून बघितला, नाकाला लावला. मग हळूच विचारलं, "गरम पाण्यात घातली?"

"व्हय."

"साबण?"

"पूनमचा शाम्पू."

पूनम पदर तोंडाला लावून आत पळाली. छबूबाई मात्र आहे तिथं खुर्चीवर बसल्या. हसावं का रडावं, हे त्यांचंच ठरत नव्हतं.

"अहो, लोकरीला गरम पाणी आन् साबण दाखवला की ती आटती, घट्ट व्हती. धनगराच्या पोरालाबी ठावं असतंय. आन् त्या सुया त्याच कामाच्या. त्यांना बारीक खाचा असतात. टोचत राहिलं की लोकर आपसात गुंतून आकार धरती. क्लासचं प्रदर्शन हाय शनिवारी, चिंचवडला. बाकीच्या बायकांनी ससे केले, हत्ती केले. म्या म्हणलं, आपण आपलं माणूस करू."

मारुतराव उभे होते तिथंच भिंतीला टेकले. "मंग पोटात येवढ्या सुया?"

"पोट तुमचं हाय. टोचल्याबिगर आत जातंय व्हय? आन् सुया हरवतात, म्हणून तितंच खोचून ठेवत व्हते."

"मंग बोलत का न्हवतीस माझ्याशी?"

"समद्या पोत्यातली चांगली लोकर येचून तुमच्या मिशीला राखली व्हती. ती तुमी चेनला पुसली. कितीदा टोचून दुसरी मिशी बसवली, म्हाईत हाय?"

इतक्या वर्षांत कुणी आपल्या मिशीचा एवढा विचार केला असेल, हे मारुतरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी पायजमा सावरला आणि म्हणाले, "जेवायला काय हाय?"

"उपास सुटला का, विचार त्यांना," छबूबाईंनी सवयीनं आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, मग स्वतःच थांबल्या. "सुटला का?"

"सुटला."

पण प्रदर्शनाचं काय? नवा माणूस एका दिवसात होत नाही. (जुनाही इतक्या वर्षांत पुरता झाला नव्हता, असं छबूबाई म्हणाल्या.) शेवटी त्यांनी तोच गोळा घेतला. टोपी नको, मिशी नको. वरच्या बाजूला काळ्या लोकरीचे दोन डोळे तेवढे टोचून बसवले. गोल, ताठ उघडलेले, कशाला तरी जबर भ्यालेले.

शनिवारी चिंचवडच्या हॉलमध्ये टेबलावर सशांच्या आणि हत्तींच्या रांगेत तो गोळा बसला होता. पुढं कागदावर पूनमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आपलं माणूस'. माणूस कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. मारुतराव मुद्दाम शेजारी उभे राहिले. कुणी विचारलंच, की हा कोण, तर आपण नाही, ओळखीचे एक गृहस्थ आहेत, असं सांगायचं त्यांनी घोकून ठेवलं होतं.

लोक येत होते. गोळ्याकडं बघत होते, मग मान वर करून मारुतरावांकडं बघत होते, आणि हसून पुढच्या टेबलाकडं जात होते. संध्याकाळपर्यंत कुणी विचारलंच नाही.