नवव्या फर्म्याची सोळा पानं

अमृत भालसिंग सरांनी आपलंच पुस्तक छापून आल्यावर आठ महिन्यांनी पहिल्यांदा उघडलं, आणि एकशे अठ्ठाविसाव्या पानानंतर त्यांना सोळा पानं कोरी दिसली.

आठ महिने उघडलं नाही, कारण धीर झाला नव्हता. अकरा वर्षं घासून केलेल्या कामात छपाईची एखादी चूक दिसली तर ती जन्मभर सलत राहील, त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून सर निवृत्त झाले आणि केडगावच्या घरात जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी आजच्या माणसाला कळेल अशा मराठीत उपनिषदं उतरवली. जड शब्द आला की खोडायचा, बायकोला कळेल असा शब्द शोधायचा. पुस्तकाचं नावच ठेवलं, ‘घरच्या भाषेत उपनिषदं’. तीनशे प्रती काढल्या, त्या दोन महिन्यांत संपल्यासुद्धा. सरांना पैसा नको होता, पुरस्कार नको होता. एका तरी माणसानं ते पहिल्या पानापासून वाचावं आणि त्याला काही कळावं, एवढीच त्यांची हाव होती.

आणि कोरी राहिली ती पानंही कुठली? एक मुलगा मृत्यूच्या दारात जाऊन बसतो, मृत्यू घरी नसतो, मुलगा उपाशी वाट बघतो. मृत्यू परत येतो, ओशाळतो, माग काय मागायचं ते म्हणतो. मुलगा विचारतो, ‘मेल्यावर माणसाचं काय होतं, तेवढं सांगा.’ इथं एकशे अठ्ठाविसावं पान संपतं. पुढची सोळा पानं पांढरी फटक. एकशे पंचेचाळिसाव्या पानावर दुसरीच गोष्ट सुरू. या सोळा पानांवर सरांनी पुरी तीन वर्षं घातली होती.

“सुकन्या, घात झाला,” ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोला म्हणाले.

सुकन्याबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, “आठ महिन्यांत कुणी काही बोललं नाही का?”

“लाजेखातर बोलले नसतील. मला वाईट वाटेल म्हणून.”

“तीनशे माणसं लाजली?” असं म्हणून त्या पुन्हा भाकरीकडे वळल्या. त्यांनी स्वतः पुस्तक वाचलं होतं का, हे विचारायचा धीर सरांना झाला नाही.

सर तडक नगरच्या छापखान्यात गेले. मालक परवेझभाई शेख भला माणूस. त्यांनी पुस्तक उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला. सोळा पानांचा एक फर्मा, असे वीस फर्मे. नववा फर्मा मशीनवर चढवायच्या वेळी निवडणुकीची हँडबिलं तातडीनं आली, फर्म्याचा कोरा कागद बाजूला ठेवला गेला, आणि घडी घालणाऱ्यानं तो छापलेला समजून तसाच मोडून बांधणीला पाठवला. परवेझभाईंनी एक सबब सांगितली नाही. तीनशे फर्मे दोन दिवसांत फुकट छापून देतो, म्हणाले. फक्त निघताना त्यांना राहवलं नाही.

“सर, बुरा मानू नका. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर अर्ध्या तासात दुकानासमोर पन्नास माणसं येतात. आणि इथं सोळा पानं गेली, आठ महिने झाले, एक फोन नाही आला हो.”

सरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोन दिवसांनी फर्म्यांचा गठ्ठा, डिंकाची बाटली आणि पत्ता ठाऊक असलेल्या दहा-बारा वाचकांची यादी पिशवीत टाकून ते घराबाहेर पडले.

यादीत पहिले होते निवृत्त मुख्याध्यापक अंगद कर्डिले. प्रकाशनाच्या दिवशी ते चाळीस मिनिटं बोलले होते, आणि नेमकं मृत्यूच्या दारातल्या मुलावर. तो संवाद वाचून आपल्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, असं सांगताना त्यांनी डोळेही पुसले होते. आता त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं तर त्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण जसंच्या तसं होतं. कर्डिले जरासुद्धा डगमगले नाहीत. धूळ फार आहे आपल्याकडे, म्हणाले. पुरवणी द्या, वरून रबर लावून ठेवतो.

पुढच्या आठ घरांत असंच झालं. एकानं पुस्तक जावयाला दिलं होतं, जावयानं त्याच्या साहेबाला आणि साहेबानं ते कुठल्याशा सत्कारात पुन्हा कर्डिल्यांनाच दिलं होतं. एका घरी पुस्तकाला इतकं हळदकुंकू वाहिलं होतं की पानांचा एकजीव गठ्ठा झाला होता. आपलं पापच लोकांना दिसलं असेल या धास्तीनं सर निघाले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटायला लागलं, देवा, ते एखाद्याला तरी दिसू दे.

मग त्यांना सोनईची आठवण झाली आणि जीव थोडा थाऱ्यावर आला. सोनईच्या रविराज दरंदल्यांनी साठ प्रती नेल्या होत्या, आणि तिथल्या मंडळानं पुस्तकाची एक दोन नव्हे, सात पारायणं केल्याचं पेपरात फोटोसकट आलं होतं. सात वेळा वाचणाऱ्यांना पानं कोरी दिसलीच असणार. सरांनी एसटीत बसून माफी कशी मागायची त्याची उजळणी केली.

रविराजनं त्यांना मंदिराच्या सभामंडपात नेलं. मंडळाची वीसही माणसं जमली. सरांनी उभं राहून हात जोडले आणि एकदाचं सांगून टाकलं. सोळा पानं कोरी गेलीत, चूक माझी आहे, मी आधी बघायला हवं होतं. सात पारायणांत तुम्हाला किती मनस्ताप झाला असेल.

सभामंडपात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. “कोरी?” रविराजनं विचारलं. “आमाला तर कुठं दिसली न्हाईत.”

चौकशी केल्यावर उलगडा झाला. पुस्तकाची पानं तीनशे वीस, मंडळात माणसं वीस. दर माणशी सोळा पानं वाटून दिलेली. टाळी वाजली की सगळ्यांनी एकदम आपापली पानं मोठ्यानं वाचायची. अर्ध्या तासात पुस्तक खतम, आरती, प्रसाद. सात दिवसांत सात पारायणं झाली, आणि सोळा पानांपलीकडे पुस्तकात काय आहे हे विसांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. पहिल्या वाटेकऱ्याला तर प्रस्तावना तोंडपाठ झाली होती.

“नववा कोण होता?” सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

कोपऱ्यातून एक धिप्पाड, साधा माणूस उठला. भीमा त्याचं नाव, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. “मी हुतो, सर. पानं बघितली तर कायच न्हाई. मला वाटलं, माझ्या वाटनीला गप बसनं आलंय. मंग डोळं झाकून बसलो अर्धा तास. सातबी दिवस. खरं सांगू का, लई बरं वाटलं. घरी कोन बसू देतंय गप?”

खरं तर इथंच सर पिशवी उचलून निघाले असते तर निभावलं असतं. पण सभामंडपातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर एकदम वेगळाच उजेड पडला. वीस माणसांत एकाच माणसाला मौन, आणि तेही बरोबर मृत्यूच्या प्रश्नापुढं. रविराज हळू आवाजात म्हणाला, सर, तुम्ही हे मुद्दाम केलंय. सर म्हणाले, नाही हो, निवडणुकीची हँडबिलं आली होती. रविराज मान हलवत राहिला. मोठी माणसं स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत, असं त्यानं बाकीच्यांना समजावलं. सर जितकं कळवळून छापखान्याची हकिकत सांगत गेले तितका लोकांचा आदर वाढत गेला. शेवटी शाल आली, नारळ आला आणि दोघांनी सरांना धरून पाटावर बसवलं.

पुरवणी चिकटवायचा विषय काढताच मंडळ बिथरलं. इतकी मोलाची पानं झाकायला कुणी तयार होईना. उलट पुढच्या पारायणात नववा वाटा कुणाला, यावरून तिथंच वादावादी जुंपली. भीमा म्हणाला, मी न्हाई सोडनार. रविराजच्या बायकोनं, दिशानं, बायकांच्या मंडळाला सगळीच पानं कोरी असलेली वीस पुस्तकं मिळतील का, असं अगदी मनापासून विचारलं.

सर घरी पोचायच्या आत बातमी पोचली. ज्या चार ठिकाणी त्यांनी पुरवणी चिकटवली होती तिथून फोन आले की ही पानं सोडवून द्या, आम्हाला मूळची पाहिजेत. कर्डिल्यांनी फोन करून सांगितलं की कोऱ्या पानांचा अर्थ प्रथम आपल्याच ध्यानात आला होता, मात्र सरांच्या तोंडून तो यावा म्हणून आपण गप्प होतो. रविराजनं दुसऱ्या आवृत्तीसाठी शंभर प्रतींची मागणी नोंदवली, फक्त कोरी पानं थोडी वाढवा म्हणाला.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. अकरा वर्षांतले शब्द एकानंही वाचले नव्हते आणि जिथं शब्द नव्हते तेवढंच सगळ्यांना आवडलं होतं. इतकं वाईट त्यांना उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सुकन्याबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि विचारलं, “यादीत आता कोण राहिलंय?”

एकच नाव राहिलं होतं. कर्जतजवळच्या एका वस्तीवरच्या दगडाबाई. त्यांच्या भाच्यानं कुठल्याशा लग्नात मिळालेलं पुस्तक त्यांना नेऊन दिलं होतं आणि तसं सरांना कळवलं होतं. सर जायला तयार नव्हते. बायकोनं पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

दगडाबाई सत्तरीच्या. पत्र्याच्या घरापुढं शेळ्या, लिंबाखाली बाज. पुस्तकवाले मास्तर आलेत म्हटल्यावर त्यांनी लगबगीनं पुस्तक बाहेर आणलं, आणि सर बाजेवरून अर्धवट उठलेच. पुस्तकाची पाठ सुटली होती. कोपरे दुमडलेले, पानांवर चहाचे डाग, ओळींखाली बोट फिरून फिरून शाई फिकी झालेली. पहिल्या पानापासून एकशे अठ्ठाविसापर्यंत प्रत्येक पानाची हीच गत. एवढं सुंदर पुस्तक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“साठीत अक्षरं शिकले, प्रौढवर्गात,” दगडाबाई म्हणाल्या. “रोज एक पान. बोट धरून. एकाद्या दिशी तेबी व्हत न्हाई. पर तुमचं कळतं वो, मास्तर. आमच्यासारकंच बोलतंय.”

सरांचा हात पिशवीतल्या फर्म्यावर गेला. ही बाई तिथवर पोचली होती, आणि पुढचं वाचायला तिच्यापाशी काही नव्हतं. तीन वर्षं घातलेली सोळा पानं कुणासाठी लिहिली होती ते आज समोर बसलं होतं.

“परवा तितं आले मी,” दगडाबाई सांगत होत्या. “त्या पोरानं इचारलं, मेल्यावर मानसाचं काय हुतं. माझं काळीज धडधडाया लागलं. मलाबी तेच इचारायचं हुतं की. जल्मभर. सासू म्हनायची, सात जल्म ह्योच नवरा, ह्येच घर. मालक वारले त्याला बारा वरसं झाली. मार लई खाल्ला त्यांचा. बाकी काय न्हाई, पर धास्ती हुती, की मेले की परत तितंच.”

त्यांनी पुस्तक मांडीवर उघडलं आणि कोरं पान दाखवलं.

“मंग पान उलटलं. कोरं. म्हनलं, म्होरं आसंल. त्येबी कोरं. थुकी लावून सोळाच्या सोळा पानं बघितली, दोन डाव. कायबी न्हाई.” दगडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसल्या. “सुटले म्हनलं. कायच न्हाई म्होरं. इतक्या शिकलेल्या मानसानं इतकं सोपं करून सांगितलं, मला लई हलकं वाटलं बगा.”

पिशवीतल्या सोळा पानांत देह जातो, आत्मा राहतो, जसं कर्म तसा पुढचा जन्म, हे सरांनी किती गोड मराठीत सांगितलं होतं. लहान पोरालाही कळेल असं. दगडाबाईंना तर पहिल्याच वाचनात कळलं असतं.

“आजून निम्मं पुस्तक ऱ्हायलंय,” दगडाबाईंनी संकोचून विचारलं. “आता वाचायची काय गरज हाय का, मास्तर? मला पायजे ते घावलं.”

एवढ्या मोठ्या जिल्ह्यात सरांचा एकच वाचक, आणि तोही एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर पुस्तक मिटून मोकळा झाला होता. शिक्षकाची तीस वर्षांची जीभ वळवळली. बाई, चुकतंय तुमचं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

“नाही,” ते म्हणाले. “एवढंच होतं.”

“आन पिशवीत काय हाय?”

“डिंक आहे. पाठ सुटलीय पुस्तकाची, चिकटवून देतो.”

सरांनी पुस्तक मांडीवर घेतलं, सुटे फर्मे एकावर एक नीट बसवले, नववा कोरा फर्माही त्याच्या जागी बसवला, आणि पाठीला डिंक लावून तो सुकेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.