बाळारामकाकांची काठी

आमच्या आटगावात कुणी नवा मिक्सर आणला की त्याला हळदकुंकू लागायच्या आत बाळारामकाका हजर. हातात हातभर सागाची काठी. एक टोक मिक्सरला, दुसरं स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. मग निकाल: "बेअरिंग ढिलं हाय. परत द्या."

काका रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यातले फिटर. तिथं काठीला कान लावून इंजिन तपासायची रीत होती. माणूस रिटायर झाला, काठी काही झाली नाही. माझी भाताची गिरणी त्यांच्या घरासमोरच. "डावीकडचं बेअरिंग रडतंय गो," असं एकदा ओट्यावरूनच ओरडले. मी नाक मुरडलं, आणि ऐन हंगामात गिरणी ठप्प! तेव्हापासून मी त्यांना निमूट चहा पाजते. पण त्यांनी आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला काठी लावून "ग्रीस संपलंय" म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी लाटणं उचललं आणि काका मागच्या दारानं पसार झाले.

म्हातारीची गोष्ट तर गावाला तोंडपाठ. म्हातारी म्हणजे मालगाडीचं जुनं इंजिन. साहेब म्हणाले, भंगारात काढा. काका आडवे आले. "सांगाडा शाबूत हाय ना? मंग भंगार कसलं?" पोटातलं सगळं बाहेर काढलं, नवे पिस्टन, नवा टर्बो घातला, लोड देऊन तपासलं. "आनी मंग काय गो! कोळशानं भरलेल्या वाघिणी, समोर चढ, आनी म्हातारी नव्या इंजिनांच्या पुढं! धूरसुद्धा काळा नाय!" दर वेळी सांगताना दोनेक वाघिणी वाढतात, ते सोडा.

यंदा काकींच्या हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, बदलावी लागेल. काकी हटून बसल्या. "नको ती चिरफाड. झालं आता माजं."

"सांगाडा शाबूत हाय तुजा!" म्हणत काकांनी त्यांना म्हातारीची गोष्ट ऐकवली. तीनदा. चौथ्यांदा ऐकण्यापेक्षा ऑपरेशन बरं, म्हणून काकी तयार झाल्या.

दोन महिन्यांनी मी बघायला गेले. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काठी मात्र खुंटीला. मला कुठलं राहवतंय! "काय काका, टेस्टिंग झालं का नाही?"

काका जमिनीकडे बघायला लागले. "भ्या वाटतं गो. इंजिन चुकलं तं परत उघडता येतं. हिच्यात काय वाईट आयकू आलं, तं मी काय करू?" मला जीभ चावावीशी वाटली.

काकींनी सूप बाजूला ठेवलं. खुंटीवरची काठी काढली, एक टोक हलकेच छातीला टेकवलं आणि दुसरं काकांपुढे धरलं. "आयका."

काकांनी कान लावला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"कसा हाय आवाज?"

"नीट आयकू नाय आलं," रस्त्यापलीकडचं बेअरिंग ऐकणारे काका म्हणाले. "परत लाव."

काकींनी परत लावली. पाचव्यांदा "परत लाव" झालं, तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठून आले.