शिदू मास्तरांचं घर्षण

शिदू मास्तर कुणाच्याही घरी गेले, की माणसांची खुशाली विचारायच्या आधी दाराची विचारत. दार एकदा उघडायचं, एकदा लावायचं, कान देऊन ऐकायचं. कुरकुरलं, की कोटाच्या खिशातून करंजाच्या तेलाची बाटली आणि कोंबडीचं पीस निघायचं. “वहिनी, दार रडतंय वो तुमचं,” म्हणायचे, आणि बिजागरीला तेल लावूनच आत पाऊल टाकायचे.

माझे यजमान मुळशीच्या शाळेचे हेडमास्तर, आणि शिदू मास्तर त्यांच्या हाताखालचे एकुलते एक शिक्षक. धनगराघरचे. भाऊ डोंगरात मेंढरं राखायचे. हे एकटे पुण्याला जाऊन मास्तरकी शिकून आले आणि येताना डोक्यात घर्षण घेऊन आले. जगात माणसाला वैरी एकच, ते म्हणजे घर्षण, असं त्यांचं ठाम मत. गाडीचा कणा, विहिरीचा रहाट, काही म्हणून त्यांच्या पिसातून सुटलं नाही. एकदा माझ्या जात्याच्या मधल्या खुंट्यालाही त्यांनी तेल पाजलं. जातं फिरलं फुलासारखं. पण त्या पिठाची भाकरी इतकी कडू झाली, की आमचं कुत्रंसुद्धा ती हुंगून निघून गेलं.

“ओढ आणि अडवणूक सारखी, की चाल एकसारखी,” हे त्यांचं पालुपद. बैल गाडी ओढतो, जमीन तिला अडवते. दोन्ही जोर बरोबरीचे झाले, की गाडी ना वेग घेते ना सोडते. “मंग नुसतं चालत ऱ्हायाचं,” मास्तर म्हणत, आणि त्यांच्या तोंडावर असं सुख दिसायचं, की जणू कुणी त्यांना बासुंदी वाढली आहे.

एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. जाडजूड माणूस. त्यांनी विचारलं, “घर्षण म्हणजे काय ते मुलांना कसं समजावता?” मास्तरांनी जमिनीवर नाचणीचे दाणे पसरले, वर फळी ठेवली आणि म्हणाले, “बसा साहेब.” साहेब बसले. मास्तरांनी एका हातानं हलकेच ढकललं. साहेब वर्गातून सरळ दाराकडे निघाले, आणि उंबऱ्याला फळी अडली तेव्हा पगडीसकट पुढे कलंडले. पोरं जागच्या जागी गोठली. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, “बघा, साहेबांना थांबवलं कुनी? उंबऱ्यानं. उंबरा आन घर्षण नसतं, तर साहेब आत्ता पौडाला पोचले असते.”

साहेबांनी शेरा काय लिहिला, ते ह्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

असा हा माणूस. मीही त्यांना हसत होते. पण आज मी माझ्या दोन पायांवर उभी राहून स्वयंपाक करते, ती त्यांच्यामुळे.

झालं असं, की नदीवर धुणं धुताना शेवाळावरून माझा पाय सरकला आणि मी दगडावर आपटले. मांडीत कळ अशी उठली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. हाका ऐकून सगळ्यांत आधी धावत आले शिदू मास्तर. माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडून निघालं, “वहिनी, घर्षण कमी पडलं.”

तेवढ्या कळा सोसतानाही त्यांना थोबाडीत द्यावीशी वाटली.

वैदूनं पाय पाहिला आणि हात जोडले. “मांडीचं हाड हाय. पुन्याला न्या.” तेव्हा आमच्याकडे धरणाचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमानं आपण होऊन लॉरी पाठवली. दिवस मावळायच्या आत पुणं. लोकांनी मला उचलायला हात घातले, तर मास्तर लॉरीच्या तोंडापुढे जाऊन उभे राहिले.

“हिच्यातून न्यायचं न्हाई.”

“मास्तर, बाजूला व्हा. वेळ कुठाय?” हे ओरडले. ह्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“सर, रस्ता समदा दगडांचा हाय. ही पळनार, आपटनार, थांबनार, परत पळनार. चालन्यानं काय होत न्हाई, धक्क्यानं होतं. हाड मांसात घुसलं, तर काय कराल?”

हे माझ्याकडे बघू लागले. मी दात आवळून म्हटलं, “मास्तर म्हणतात तसं करा.”

मास्तरांनी बैलगाडीत गुडघाभर पेंढा पसरला, वर घोंगड्या घातल्या, पायाला दोन्हीकडून फळ्या बांधल्या. कण्याला वंगण भरलं. गाडीवान कासरा धरून बसला आणि मास्तर बैलांच्या पुढे चालत निघाले. वाटेतला धोंडा दिसला, की उचलून कडेला टाकायचे. बैलांनी जरा पाय उचलला, की “हळू रं, राजा,” आणि रेंगाळले, की “चल रं, माज्या लेकरा.” मला कळेना, गाडी चालतेय की नाही.

“मास्तर, थांबलो का आपण?”

“न्हाई वहिनी, चाललोय. एकसारखं चाललं, की थांबल्यावानीच वाटतं.”

रात्री पिरंगुटला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तिथल्या घाटाच्या उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ लागली. मास्तरांनी एक ओंडका दोरानं गाडीच्या मागे बांधला. तो जमिनीवर फरफटत, गाडीला मागे ओढत आला आणि चाल पुन्हा तीच झाली. जन्मभर ज्याला वैरी म्हटलं, त्या घर्षणाला मास्तर त्या दिवशी म्हणाले, “ये बाबा, आज तूच आमचा सोयरा.”

दुपारी आम्ही इस्पितळात पोचलो. डॉक्टरांनी पाय तपासला आणि म्हणाले, “हाड जागचं फारसं हललेलं नाही. नीट बसेल.”

ह्यांनी बाहेर येऊन पाहिलं, तर मास्तर पायरीवर बसलेले. ते अनवाणीच आले होते, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तळवे फुटून रक्त आलं होतं. हे त्यांना हाताला धरून माझ्या खाटेपाशी घेऊन आले.

“वहिनी, वाटेत कुटं धक्का लागला का?”

“एकदाही नाही,” मी म्हटलं.

मास्तर खाटेचा गज धरून उभे राहिले. मग एकदम म्हणाले, “माज्या आयचं बी हेच हाड मोडलं व्हतं. डोंगरात. आमी भावांनी झोळी केली. अंधार पडायच्या आत खाली पोचावं म्हनून पळत सुटलो. ती वरडत व्हती, ‘हळू रं लेकरांनो.’ आमाला वाटलं, कळा सोसंनात म्हनून वरडती. आमी आनखी पळालो.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “ती परत उभी ऱ्हायली न्हाई. गेली, तवर बसूनच व्हती. कदी बोलली न्हाई आमाला. उलट म्हनायची, माजी पोरं लई पळाली वो माज्यासाटी.”

 मी विचारलं, “नाव काय होतं त्यांचं?”

“ठकूबाई,” मास्तर म्हणाले. “लई दिवसांनी नाव घेतलं बगा.”

ह्यांनी माझ्यासाठी गरम दूध आणलं होतं. मी तो पेला मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी नको म्हटलं नाही. खाटेच्या कडेला बसून ते दूध पीत राहिले, डोळे वाहत राहिले, आणि हे खाली बसून ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसू लागले.